बिनमातीची झाडं

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी रंगवलेल्या पहिल्या झाडाचा खरा हिशोब मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तुला तो तुझ्या भावजयीकडून मीठमसाला लावून ऐकायला नको. फळी दातांच्या डॉक्टरांची होती, पांढरा हात मारून वाळत ठेवलेली. रंग डब्यांच्या तळाशी उरलेले, ब्रश जुनेच. वरवर पाहता झाड फुकटात पडलं. प्रत्यक्षात त्याच्यापायी गिऱ्हाइकांतले डॉक्टर गेले, डॉक्टरांचा चष्म्याचं दुकान काढणारा मेहुणा गेला, आणि तुझ्या भावजयीने आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. डॉक्टर पाटी न्यायला आले तेव्हा त्यांच्या नावाच्या जागी एक झाड उभं होतं आणि त्याच्या प्रत्येक पानाला नरसाळ्यासारखं तोंड होतं. मी त्यांना समजावलं की हे धूर पिणारं झाड आहे, शहराला याची गरज आहे. ते म्हणाले, मला पाटीची गरज आहे. माणूस सरळ होता, चूक माझीच.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तुला कळवलं नाही, कारण तू जन्मभर रोपवाटिका चालवलेली बाई. तुझ्यापुढे झाड काढणं म्हणजे आचाऱ्याला स्वयंपाकाचं चित्र दाखवणं. पण आता लपवून भागणार नाही. वाचनालयाच्या हॉलमध्ये माझ्या झाडांचं प्रदर्शन भरणार आहे. ग्रंथपालबाई पाटी रंगवून घ्यायला आल्या आणि पाटी विसरून झाडंच बघत बसल्या. एकूण अकरा आहेत. पुराचं पाणी चढलं की मुळं गुडघ्यापर्यंत वर खोचून उभं राहणारं एक. अंगाभोवती अग्निशमनवाल्यांचा पाइप गुंडाळून वणव्याची वाट बघणारं एक. आपला तोडायचा नंबर हातात धरून खिडकीसमोर रांगेत उभं असलेलं एक. त्याच्यापुढे ग्रंथपालबाई बराच वेळ थांबल्या. पेपरात रोज काही ना काही येतं, इथे जंगल पेटलं, तिथे नदी आटली. ते वाचलं की माझा हात शिवशिवतो. सहा झाडांच्या छोट्या नकला पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर काढून सोबत पाठवतो आहे.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. मी कशाचीही नक्कल करत नाही. शाळा सातवीत सुटली, चित्रकला कुणी शिकवली नाही, नंबरप्लेटा रंगवत इथवर आलो. ही झाडं जगात कुठेच नाहीत, निव्वळ डोक्यातली आहेत.

बाकी ठीक. दुकानासमोरच्या झाडाभोवती चार वर्षांपूर्वी मी बांधलेला ओटा तू अजून पाहिला नाहीस. गिऱ्हाइकांना बसायला सोय झाली. खोडाला असा घट्ट बसवून घेतलाय की मातीचा कण वर येत नाही, वरून पांढरी फरशी. गवंड्याला तेव्हाच सांगितलं होतं की शंभर वर्षं हलता कामा नये. येशील तेव्हा त्याच्यावर बसून चहा घेऊ.

फोन कर असं लिहू नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो. पत्रात निदान आळीपाळीने होतं.

भावोजींना नमस्कार. लोभ आहे तसा दाट राहू दे, पातळ करू नये.

तुझा,
रंग्या

२१ जानेवारी

चि. रंग्यास,
अ. उ. आ.

तुझं पाकीट आलं. पोस्टमनने विचारलं की आत फरशी आहे का. म्हटलं, नाही, माझ्या भावाचं जंगल आहे.

झाडं आवडली. खोटं सांगत नाही, खोटं सांगायचं असतं तर फोन केला असता. मुळं खोचलेलं झाड बघून मी एकटीच हसले. शाळेत जाताना पाणी साचलं की तू असाच दोन्ही हातांनी चड्डी वर धरायचास आणि दप्तर माझ्या गळ्यात टाकायचास. रांगेतलं झाड मात्र नंतर मनात घोळत राहिलं. त्याच्या खांद्याचा उतार बाबांसारखा झालाय. ते पेन्शनच्या खिडकीपुढे तसेच उभे असायचे. तुला ते जाणवलं होतं का, मला माहीत नाही.

आता एक विचारते, रागावू नकोस. पाइपवाल्या झाडाची पानं तू शिरांपाशी हिरवी, मधे पिवळी आणि कडेला करपलेली काढली आहेस. पान फार खरं आहे. इतकं खरं की मला ते कल्पनेतलं वाटत नाही. आमच्याकडे असं पान दिसलं की मी मदतनिसाला हाक मारून ती कुंडी बाजूला काढायला लावायचे, कारण ते आजारी पान असतं. तू हे कुठे पाहिलंस? उरलेल्या पाचांच्या नकलाही पाठव, आणि प्रत्येकीच्या मागे मूळ चित्र कोणत्या महिन्यातलं ते लिही.

माझा गुडघा तसाच आहे. तुझे भावोजी बागेत मदत करतात, म्हणजे मी लावलेलं गवत समजून उपटतात.

भावजयीला आशीर्वाद. तिने तुझ्याशी बोलणं पुन्हा सुरू केलं हा तिचा मोठेपणा.

तुझी,
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आजारी पान म्हणे! रोपवाटिका सोडून तुला सहा वर्षं झाली, पण तपासणी काही सुटत नाही. अगं, ते पान मी रंग मिसळता मिसळता शोधलं. हिरव्यात पिवळा उतरला, कडेला तपकिरी सांडला, मला बरं वाटलं, राहू दिलं. पुन्हा सांगतो, डोक्यातलं आहे. उरलेली पाच पाठवतो आहे, महिने मागे लिहिलेत. बाबांचं म्हणशील तर मला जाणवलं नव्हतं. आता ते चित्र मी भिंतीकडे तोंड करून ठेवलंय.

बातमी आहे, तुला रुचणार नाही. दुकानासमोरचं झाड जाणार. दोन वर्षांपासून वाळत चाललंय, रस्त्याकडची बाजू जवळजवळ उघडी पडली आहे. परवा एक फांदी शेजारच्या टेलरच्या पत्र्यावर पडली. टेलर आत होते म्हणून वाचले, आणि वाचले म्हणून दिवसभर बोलत होते. दुकानदार संघाच्या सेक्रेटरीने तोडण्याचा अर्ज फिरवला. मीही सही केली.

आता तू कपाळाला हात लावशील, म्हणून कारण सांगतो. झाड तसंही वाळलेलंच आहे. शिवाय ते गेलं की माझ्या खिडकीत भरपूर उजेड येईल. इतकी वर्षं त्या सावलीत डोळे फोडून काम केलं. प्रदर्शनाआधी मला बारावं झाड काढायचं आहे, मोठं, भिंतभर, त्याला उजेड हवा.

बागखात्याचा माणूस कालच येऊन पाहून गेला. खोडावर फुली मारायला त्याच्याकडे रंग नव्हता, माझ्याच डब्यातला लाल घेतला. फुली वाकडी मारत होता, माझ्याने बघवेना, मी त्याच्या हातातून ब्रश घेऊन सरळ मारून दिली. दहा मार्चला तोडणार. ओट्याला धक्का लागणार नाही असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

मागे टेलर गिऱ्हाइकाला हळूच सांगत होते, हा पेंटर आत झाडं काढतो आणि बाहेरचंही काढतो. त्यांना वाटतं मशिनच्या आवाजात मला ऐकू येत नाही. माझे कान अजून शाबूत आहेत.

रागावलीस तरी पत्र लिही. शिव्या घातल्यास तरी त्या तुझ्या अक्षरात चालतील.

तुझा,
रंग्या

१३ फेब्रुवारी

चि. रंग्यास,
अ. उ. आ.

शिव्या नाहीत. काय झालं ते नीट वाच आणि शेवटपर्यंत वाच. तू पत्र अर्धं वाचून खिशात घालतोस हे मला ठाऊक आहे.

तुझे अकरा पुठ्ठे मी जेवणाच्या टेबलावर महिन्यांप्रमाणे मांडले. मी चष्मा शोधत होते तेवढ्यात तुझे भावोजी आले, ज्यांना कोबी आणि फ्लॉवर हिरव्या पानांत गुंडाळलेले असले तर वेगळे कळत नाहीत. त्यांनी उभ्या उभ्या विचारलं, याने एकच झाड अकरा वेळा का काढलंय?

रंग्या, खरंच एकच झाड आहे. नरसाळी लावलीस, पाइप गुंडाळलास, हातात नंबर दिलास, पण सगळी डावीकडे झुकलेली आहेत. सगळ्यांना माणसाच्या डोक्याच्या जरा वर कोपरासारखी वळलेली फांदी आहे, आणि त्या कोपरात जुन्या तारेचा वळ आहे. तुझ्या दुकानाच्या उद्घाटनाला मी आले होते तेव्हा तू त्याच कोपराला पताकांची तार बांधली होतीस. खुर्चीवर तू चढला होतास, खुर्ची मी धरली होती. इतकी वर्षं तू खिडकीतून ते झाड बघतो आहेस आणि तुला वाटतं डोकं चाललंय.

पहिल्या चित्रात झाड दोन्ही बाजूंनी भरलेलं आहे. पाचव्यात शेंड्याला विरळ. आठव्यात रस्त्याकडची बाजू उघडी. पानं पिवळी होत गेली तीही ओळीने. ते दुखणं तू मन लावून काढलंस. फक्त ते दुखणं आहे, एवढं तुला कळलं नाही.

आणि ज्याने माझी झोप गेली ते सांगते. अकरांपैकी एकाही झाडाला तू माती काढलेली नाहीस. सगळी एका सपाट पांढऱ्या कडेवर उभी आहेत, केकवर मेणबत्ती रोवावी तशी. आधी वाटलं, पाट्या रंगवणारा माणूस, खाली रेघ ओढायची सवय असेल. मग तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून वाचलं. खोडाला घट्ट, मातीचा कण वर येत नाही. अरे, मग पाणी कुठून जाणार? हवा कुठून जाणार? तू लोकांना बसायला ओटा दिलास आणि झाडाचा श्वास बंद केलास. मुद्दाम नाही केलंस, तुझ्या मनात गिऱ्हाइकांची सोय होती. पण झाडाला ते कसं कळावं?

वाचेल असं वचन मी देत नाही. उशीर झालाय. पण कोपराच्या आतल्या बाजूची पानं शेवटच्या चित्रातही हिरवी आहेत, आणि तू डोळ्याला दिसेल तेच काढतोस हे आता सिद्ध झालंय. तेव्हा ती खरंच हिरवी असणार. सही मागे घे. ओटा फोड. खोडाभोवती चारही बाजूंनी हातभर तरी माती उघडी कर, मुळांना पहार लागू देऊ नकोस. पाणी हळूहळू, झिरपेल इतकंच. वाळलेल्या फांद्या तेवढ्या उतरवून घे, म्हणजे टेलरचा जीव आणि तोंड दोन्ही शांत होतील.

उजेडाचं म्हणशील तर दिवा घे.

माया होती तितकीच आहे, कमी करायला तू कितीही कारणं दिलीस तरी.

तुझी,
ताई

८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग खुर्ची उचलून बाहेर नेली आणि झाडासमोर बसलो. टेलरने विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, ओळख करून घेतोय. त्यांनी मशीन थांबवलं, म्हणजे माझा चेहरा कसा झाला असेल ते तूच समज.

सही मागे घ्यायला गेलो तर सेक्रेटरी म्हणाले, पेंटरसाहेब, सही म्हणजे काय खडूने लिहिलंय पुसायला? मी म्हटलं, तुमच्या दुकानाची पाटी मी उधारीत रंगवली तेव्हा मी असं काही विचारलं नव्हतं. ते हसले आणि अर्ज मागे घेतला. बागखात्याचा माणूस अधिक समजूतदार निघाला. वाळलेल्या फांद्या उतरवून नेल्या आणि पुढच्या मार्चपर्यंत मुदत दिली. नवी पालवी दिसली तर ठेवू, नाहीतर तोडू, असं सरळ बोलला. फुलीचं विचारलं तर म्हणाला, तुम्हीच मारलीत, तुम्हीच मिटवा.

मिटवायला सालीचा रंग मिसळायला बसलो. वाटलं होतं तपकिरीचा एक हात मारला की झालं. सकाळी बसलो तो दुपारचं जेवण थंड झालं. त्या सालीत राखाडी आहे, जांभळा आहे, एका जागी चक्क गुलाबी आहे. डोक्यातून एकही रंग निघाला नाही, दर वेळी मान वर करून बघावं लागलं. तुझी भावजय ताट घेऊन तिथेच आली. म्हणाली, याच्याकडे बघता तसं माझ्याकडे कधी बघितलं असतं तर मी डॉक्टरांचं प्रकरण पहिल्याच दिवशी सोडून दिलं असतं.

प्रदर्शनात अकरा झाडं महिन्यांप्रमाणे टांगायला सांगितली आहेत. बारावं काढत नाही. ग्रंथपालबाईंनी विचारलं की यांना काय नाव द्यायचं. मी म्हटलं, आधी झाडाचंच नाव विचारून घेतो. वीस वर्षं मी पत्ता सांगताना 'झाडासमोर' एवढंच सांगत आलो. तुला पताकांची तार आठवते तर नावही ठाऊक असेलच. कळव.

रोज पाणी घालतो. हळूहळू, तू सांगितलंस तसं. कोपराच्या आत हिरवं आहे, पण ते जुनं आहे. नवं अजून काही नाही. मी रोज बघतो आणि जे नाही ते बघत नाही.

गुडघ्याला जप आणि भावोजींना सांग, पुढची झाडं आधी त्यांनाच दाखवीन. लोभ दाट आहेच, तो मातीसारखा उघडा राहू दे.

तुझा,
रंग्या

ता. क. ओटा फोडायला गवंडी दोन दिवस मागत होता. अर्धा तास लागला. फरशी उचलली तर खाली ओटा आरपार तडकलेला होता, मुळाने उचलून धरलेला. शंभरातली चार वर्षं झाली होती.