स्टाफरूममधला शांतता करार

८ ऑगस्ट
"भांडनं मिटवनाऱ्याले पगार कोन देते?" आईने विचारलं. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, वर एम.ए., पीएचडी चालू, विषय संघर्ष निराकरण. आणि आईचा, म्हणजे मथुराबाईंचा, प्रश्न अभ्यासक्रमात नाही. मोठ्या शहरांत याच्या संस्था असतात, असं सांगितलं. म्हणाली, "मंग तू दारव्ह्यात काय करून राह्यली?"

११ ऑगस्ट
कॉलेजात पुन्हा नेमणूक. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितकीच नोकरी. हरकत नाही. पुढच्या वर्षी फुलटाइम जागा निघणार, असं सगळे म्हणतात. गेल्या वर्षीही म्हणत होते.

राज्यशास्त्र विभागात हेड देवराव सर आणि पूनमसिंग सर. कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर दोघांनी निम्मा-निम्मा शिकवायचा, पण त्यासाठी एकत्र बसावं लागतं. म्हणून अख्खा पेपर मला. माझी गुणवत्ता दोघांनाही मान्य आहे.

२५ ऑगस्ट
निरोप माझ्यामार्फत जातात. देवराव सर म्हणाले, पंख्याखालची खुर्ची त्याच्या सासऱ्याने दिलेली नाही म्हणावं. मी पोचवलं: सर विचारत होते, तुम्हाला उकडत तर नाही ना. पूनमसिंग सर म्हणाले, "मॅडम, त्याले सांगजा, मेल्यावर खुर्ची संगं घेऊन जाजो." मी पोचवलं: खुर्चीबाबत ते दीर्घकालीन विचार करत आहेत.

याला शटल डिप्लोमसी म्हणतात. माझा भाऊ संघदीप म्हणतो, "ताई, तू त प्यून झाली." त्याचं वाचन कमी आहे.

५ सप्टेंबर
ठरलं. दोघांचा समेट करायचा. तोच केस स्टडी, नाव 'दारव्हा मॉडेल'. एकदा समेट झाला की मुलाखतीत दोघंही माझ्या बाजूने.

शिक्षक दिनाला दोघांच्या खुर्च्या शेजारी ठेवल्या. दोघांनी त्या फिरवून पाठीला पाठ लावली. चर्चेची पहिली फेरी झाली, असं म्हणता येईल.

१९ सप्टेंबर
यवतमाळला अभ्यासक्रमाची कार्यशाळा. दोघांना वेगवेगळं गाठून सांगितलं, काळीपिवळीवाल्या भावसिंगच्या जीपमध्ये तुमची जागा धरली आहे. काळीपिवळी भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली तरी भरतच राहते. भावसिंगने दोघांना एका सीटवर कोंबलं आणि म्हणाला, "सरजी, एक जन पुढं सरकून बसा, एक जन मांगं टेकून. तुमचं तुमी ठरवा, मले यवतमाळले नंबर लावाचा हाय."

ठरवायला बोलावंच लागलं. देवराव सर म्हणाले, जरा सरका. इतिहास घडला. निम्म्या वाटेपर्यंत गुडघेदुखी, पुढे यवतमाळपर्यंत प्राचार्यांची निंदा.

२२ सप्टेंबर
दोघं एका डब्यात जेवले. मी रात्रीच निष्कर्ष लिहून टाकला. आई म्हणाली, "आता तुले पर्मनंट करतीन नं?" म्हटलं, उघडच आहे.

६ ऑक्टोबर
दोघांनी मिळून बोलावलं. देवराव सर म्हणाले, मॅडम, तुमचे फार उपकार. पूनमसिंग सर म्हणाले, आता तो पेपर आमी दोघं वाटून घेतो. देवराव सर म्हणाले, त्यामुळे तुमचे तास उरत नाहीत. एक वाक्य दोघांत वाटून बोलण्याइतकी मैत्री झाली आहे. वर्कलोडचं गणित मी तपासलं. बरोबर आहे.

समोसे मागवले होते. दोन.

मॉडेल यशस्वी. मध्यस्थाचं पुढे काय होतं, यावर संदर्भ सापडत नाही. घरी अजून सांगितलेलं नाही.

७ ऑक्टोबर
रात्रभर विचार केला. खोट्या पायावरची शांतता टिकत नाही. निरोप गाळून पोचवणं ही संशोधक म्हणून माझी चूकच होती. दोन्ही पक्षांना खरी माहिती मिळायला हवी. पारदर्शकता! यात माझ्या तासांचा काही संबंध नाही.

पूनमसिंग सर देवराव सरांच्या पीएचडीबद्दल काय म्हणत होते, ते मी सकाळी देवराव सरांना सांगून आले. एकही शब्द न बदलता. मग पूनमसिंग सरांकडेही जाऊन आले.