लिटल हॅरो: ओढा नव्हे, नदी

हॅरो कोव्ह, नोव्हा स्कोशिया
२९ ऑगस्ट

आदरणीय थर्बरमामांना भाचा व्हर्ननचा मनापासून नमस्कार.

गुडघा कसा आहे? कॅलगरीची कोरडी हवा त्याला मानवली असेल. इथे सगळे खुशाल. आणि मामा, आपण जिंकलो.

पूल पाडून तिथे पाइप टाकायचे सरकारने ठरवले होते. नकाशात लिटल हॅरो ‘ओढा’ आहे आणि ओढ्याला पूल मिळत नाही. पण पाइपातून गॅस्परो मासा अंडी घालायला तळ्याकडे चढणार नाही. मग मे महिन्यात धुरी द्यायला खोपटात काय टांगायचे, मोजे? म्हणून लिटल हॅरोची नोंद नदी म्हणून करावी, असा आम्ही अर्ज केला: लांबी नऊ मैल (वळणे दोनदा मोजून), उगम तुमचे तळे, मुख बंदर, उपयोग मासे, सतरंज्या धुणे, बाप्तिस्मा. हॅलिफॅक्सहून तपासणीला पेटिपा नावाचे साहेब आले. म्हणाले, तळ्यापासून बंदरापर्यंत होडी कुठेही न उचलता गेली, तर नदी. पुलाखाली बुडालेल्या सहा होड्या पाहून ते हळहळले. “फार अपघात होतात का?”

“अपघात कसले,” ओरामावशी म्हणाली, “आम्हीच बुडवल्यात. फळ्या फुगल्या की भेगा बुजतात. दगड भरले तेव्हा कुठं बुडाल्या, पाणी आहेच कुठं!” मी तिच्या पायावर पाय दिला. “पाय काढ रे मेल्या,” ती म्हणाली.

खरेच, पाणी घोट्याएवढे होते (अर्जात मी ‘ऋतुमानाप्रमाणे’ लिहिले होते). पण दुसऱ्या सकाळी साहेब होडीत बसले आणि पाणी आले. काय पाणी, मामा! साहेब खडकांवरून, पुलाखालून सुसाट गेले. वल्ह्याला हात लावावा लागला नाही. बंदरात मच्छीमारांनी त्यांना अडवले, तेव्हा टोपी गेलेली होती, शुद्ध शाबूत होती.

“काय साहेब, ओढा का?” ओरामावशीने धक्क्यावरून विचारले.

“नदी! नदीच आहे! आधी मला बाहेर काढा!”

काल कागद आला. नदी. पूल राहणार.

तुमचा आज्ञाधारक,
व्हर्नन

ता.क. पाणी तुमच्या तळ्याचे होते. बांधाच्या तीनच फळ्या काढायच्या ठरल्या होत्या. बाकीच्या आपल्या आपण निघाल्या. तुमची बोट सुखरूप आहे, चिखलात.

ता.क. २. कागदाखाली बारीक अक्षरात एक ओळ आहे: ‘हा निर्णय ग्राह्य, बांध मालकाच्या लेखी परवानगीने उघडला असल्यास.’ (साहेबांना वाळल्यावर संशय आला.) तेवढ्या दोन ओळी लिहून पाठवा. तारीख जूनची घाला.

ता.क. ३. नाही म्हणालात तर यापुढे कॅलगरीला मासे येणार नाहीत. हे ओरामावशी म्हणते. मी फक्त लिहून घेतले.