हिरवे ठोकळे जड का होते

मी, शिशुवर्गाला एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेली निवृत्त शिक्षिका, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या मागे काय व्हावं ते लिहून ठेवत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. डॉक्टर माझेच विद्यार्थी असल्यामुळे तो जपून ग्राह्य धरावा.

१. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि गच्ची, माझ्या भाचीला. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, माझ्याशी बोलणं टाकलं तरी ती दर रविवारी येत राहिली. न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो. दुरुस्त करू नये, सवय करून घ्यावी.

२. बँकेतली शिल्लकही तिलाच. त्यातून शिशुवर्गाला नव्या सतरंज्या घ्याव्यात. शाळेला आधी विचारू नये, विचारलं की समिती नेमतात.

३. माजी मुख्याध्यापकांना माझ्या वर्गातला, 'बिग' हा इंग्रजी शब्द कोरलेला पिवळा लाकडी ठोकळा. तो त्यांनी दोन दिवसांसाठी म्हणून कागदांवर ठेवायला नेला, त्याला एकोणीस वर्षं झाली. मी ठोकळ्यांनी शिकवू लागले त्या पहिल्या वर्षी त्यांनी मला सुनावलं होतं की मुलं इथे शिकायला येतात, खेळायला नाही. चौथ्या वर्षी तेच पाहुण्यांना वर्ग दाखवून ही आमच्या शाळेची पद्धत म्हणू लागले. माझा राग गेलेला नाही, पण ठोकळा परत नको.

४. ठोकळ्यांची जुनी पेटी माझ्या भावाला, एका प्रश्नासकट. प्रश्न कळायला थोडं सांगावं लागेल.

लाल ठोकळ्यावर वस्तू किंवा प्राणी, हिरव्यावर कृती, पिवळ्यावर ती वस्तू कशी आहे ते. मूल लाल 'फ्रॉग' उचलतं, शेजारी हिरवा 'जंप' ठेवतं, स्वतः उडी मारतं आणि मग तोंडाने म्हणतं. आधी हात, मग अंग, शेवटी जीभ, हा माझा क्रम. ठोकळे भाऊ घडवायचा. तो सुतार, घरातलं नाव ठोक्या. मी शिकावं म्हणून त्याने चौथीतच शाळा सोडली. मी दिलेल्या रंगवार याद्यांवरून तो शब्द कोरायचा आणि रंगही द्यायचा.

बारा वर्षांपूर्वी पालकांच्या सभेला त्याने नवी पेटी आणली. झाकण उघडलं तर 'फ्रॉग' हिरवा, 'रन' लाल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांदेखत मी म्हणाले, "ठोक्या, एवढं तर शिशुवर्गातल्या पोरालाही कळतं." त्याने पेटी खाली ठेवली आणि तो गेला.

ती पेटी मी स्वतः नीट रंगवली. तरी मुलं तिच्यात चाचपडायची, जुन्या पेटीत नाही. मी खापर मुलांवर फोडलं. गेल्या महिन्यात शेजारची चार वर्षांची मुलगी, जिला मी खारूताई म्हणते, जुनी पेटी घेऊन बसली होती. डोळे घट्ट मिटून ती एकामागून एक हिरवेच ठोकळे काढत होती. कसं गं, म्हटलं, तर म्हणाली, "हे जड आहेत ना आजी. उड्या मारणारे जड असतात."

मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. जुन्या पेटीतला प्रत्येक हिरवा ठोकळा इतरांपेक्षा जड निघाला, नव्या पेटीतले सगळे सारखे. एकतीस वर्षं मी लोकांना रंगांवर व्याख्यानं दिली. मुलं रंगाने शिकली की वजनाने? आणि ठोक्याने हिरवे जड का केले? माझ्या माघारी भाचीने हे त्याला विचारावं.

इथवर मंगळवारी लिहिलं. भाचीने वाचलं आणि म्हणाली, "आत्या, तू गेल्यावर उत्तर मिळून तुला काय कळणार?" गुरुवारी ती बापाला घेऊनच आली.

तो बराच वेळ 'जंप' हातात तोलत बसला. मग म्हणाला, "ताई, मला ही अक्षरं वाचता येत नाहीत. चित्र कोरावं तशी कोरायचो. हिरव्यांच्या यादीला जड लाकूड घ्यायचो, म्हणजे रंगवताना हाताला कळायचं. त्या नव्या पेटीच्या वेळी जड लाकूड मिळालं नाही, म्हणून रंग चुकले."

सगळ्या गावच्या पोरांना शिकवलं, आणि याला वाचता येतं का हे मी कधी विचारलंसुद्धा नाही. मी त्याची माफी मागितली. त्याने लाल ठोकळा पुढे सरकवला.

"यावर काय कोरलंय मी?"

"फ्रॉग."

तो दोनदा म्हणाला. मग 'जंप'चा हिरवा ठोकळा शेजारी ठेवून माझ्याकडे पाहू लागला. मी क्रम मोडला नाही. खुर्चीला धरून उठले आणि उडी मारली. मग त्यानेही मारली.

सबब कलम ४ रद्द. पेटी तो त्याच दिवशी काखोटीला मारून घेऊन गेला. आता त्याला मृत्युपत्रातून काहीच मिळत नसल्याने तो साक्षीदार चालेल, असं वकील म्हणतात.

५. भाऊ रंग न दिलेली, फक्त वजनाचा फरक असलेली तिसरी पेटी घडवतो आहे. रंग की वजन, हे मला स्वतः पाहायचं आहे. तेव्हा या कागदाची कुणी घाई करू नये.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल. दिनांक: ९ फेब्रुवारी.

लिहून देणार: शिशुवर्गाच्या बाई.

साक्षीदार: १. डॉक्टर, माजी विद्यार्थी. २. ठोक्या, सुतार, धाकटा भाऊ. सही नेहमीचीच केली आहे. इंग्रजी सही शिकायला मंगळवारपासून येतो.