जाऊबाईंचा बिल्ला

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो, भावोजींचा खोकला थांबला का, आणि मुख्याध्यापिकाबाई, तुमचा शाळेत दरारा अजून तसाच आहे ना, ते सविस्तर कळव. इकडे सगळे खुशाल आहेत. मी सोडून.

तुला माहीतच आहे, इस्पितळाच्या मोठ्या फाटकावर मी अकरा वर्षं पहारा करते. माझी धाकटी जाऊही तिथेच कामाला लागली आठ महिन्यांपूर्वी, तीही माझ्याच शब्दावर (चूक माझीच, मान्य). आता वरून असं ठरलं, की पहारेकऱ्यांपैकी एकाला पोलिसांचे अधिकार द्यायचे. म्हणजे माणसाला अडवायचं, झडती घ्यायची, दंड करायचा. पण असले अधिकार कुणाच्याही हातात कसे द्यायचे, म्हणून आधी निकष ठरवले: धावणं, लेखी परीक्षा, आठवडाभर तात्पुरता बिल्ला लावून काम आणि शेवटी मुलाखत. मला वाटलं, निकष मला बघूनच लिहिलेत.

धावण्यात जाऊ पहिली आली. (तिचे पाय लांब आहेत, त्यात तिचं कर्तृत्व काय?) लेखी परीक्षेत आम्हा दोघींना सारखेच गुण पडले, कारण आम्ही शेजारी बसलो होतो आणि तिचं अक्षर मोठं आहे.

मग माझा बिल्ल्याचा आठवडा आला. छातीवर बिल्ला लागला आणि काय सांगू, चालच बदलली माझी. सोमवारी मी सात जणांना अडवलं, त्यात एक मोठे सर्जन होते (मी चष्मा घरी विसरले होते). मंगळवारी आमचे हे तोच चष्मा द्यायला आले आणि घाईत लिफ्टची रांग मोडली, तर मी त्यांच्याच नावाची दंडाची पावती फाडली. ते अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. बुधवारी जाऊ फुगलेली पिशवी घेऊन मागच्या दाराने निघाली. औषधं पळवतेय, असं मी मनाशी पक्कं केलं आणि दहा माणसांदेखत पिशवी रिकामी करायला लावली. त्यातून निघाले एका म्हातारीचे मळलेले कपडे. वॉर्डातल्या त्या बाईंना मागेपुढे कुणी नाही, म्हणून जाऊ पाच महिने त्यांचे कपडे घरी नेऊन धूत होती. आमच्याच दोरीवर वाळायचे ते, आणि मी समजत होते शेजारणीचे आहेत. तिने कपडे मुकाट्याने परत भरले. घरीही चकार शब्द काढला नाही. त्यामुळे मला जेवण गेलं नाही ते वेगळंच.

मुलाखतीला एक निवृत्त इन्स्पेक्टरबाई होत्या. त्यांनी दोघींना एकच प्रश्न विचारला, की हातात आलेला अधिकार कधी वापरणार नाही? मी म्हटलं, वापरायचा नसेल तर द्यायचा कशाला? त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. जाऊची पाळी आली तेव्हा दार किलकिलं होतं (मीच ठेवलं होतं). ती म्हणाली, "ज्याचा मला राग आलाय, त्याच्यावर नाही वापरणार. तेव्हा दुसऱ्या कुणालातरी बोलावीन."

बाईंनी पेन खाली ठेवलं, तेव्हाच मी ओळखलं.

आता बिल्ला ती लावते आणि फाटक मी उघडते. सर्जनसाहेब तिला नाव घेऊन विचारपूस करतात. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला तिचा फोटो दाखवतात, ज्यात अर्धी मीही आहे, पण त्या अंगठा माझ्यावरच ठेवतात. मी जळते असं समजू नकोस. डॉक्टर म्हणाले, नुसतं पित्त आहे.

भावोजींना नमस्कार, भाच्यांना पाठीत एकेक प्रेमाचा धपाटा.

तुझी बिनबिल्ल्याची,
धाकटी

ता. क. सहा महिन्यांनी आणखी एक जागा निघणार आहे. उमेदवार शांत स्वभावाचा असल्याचा प्रतिष्ठित माणसाचा दाखला लागतो. शाळेच्या कागदावर, शिक्क्यासह पाठव. लहानपणी मी तुझी वेणी कापली होती, ते लिहायची गरज नाही.

ता. क. दुसरा दाखला, ज्याच्याशी आपण वाईट वागलो अशा माणसाचा हवा. (हा निकष बाईंनी नव्याने घातलाय.) तो जाऊने मी मागायच्या आधीच लिहून माझ्या उशीखाली ठेवला. तीनदा वाचला. माझ्याविषयी एक शब्द वावगा नाही. हे मात्र मी तिला कधीच माफ करणार नाही.