दोन स्क्रीनवरचा एकच हात

पप्पा,

मी सकाळच्या एसटीनं दौंडला चाललेय. डबा भरून ठेवलाय.

टेबलावर दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी उघडे आहेत. दोन्हींवर एकच फोटो आहे, तुम्ही माझ्यासाठी आणलेल्या दौंडच्या स्थळाचा, सुमंतचा. काल पेनड्राइव्हनं मी तो माझ्या लॅपटॉपवर घेतला.

तुमच्या जुन्या स्क्रीनवर त्याचा हात राखेसारखा एकाच रंगाचा दिसतो. आता माझ्या नव्यावर बघा. अंगठीच्या बोटावर गोऱ्या कातडीचा पट्टा आहे. तुमचं बोट सुजलं आन् लग्नाची अंगठी कापून काढली, तवा तुमच्या बोटावर अगदी असाच पट्टा होता.

त्याचं हे पहिलंच लग्न आहे, असं तुम्हीच म्हणाला होता. मी तिथल्या चर्चचं लग्नाचं रजिस्टर बघूनच परत येईन. तोवर रविवारी आपल्या चर्चमध्ये पाळकांना आमच्या लग्नाची घोषणा करू देऊ नका.

आन् एक विचारायचंय. माझा नवा लॅपटॉप समोर असताना तुम्ही दर वेळी तो फोटो जुन्यावरच का दाखवलात?

मी आले की सांगा, पण आईसमोर.

शॅरन