टँकरच्या पाण्यानं धुतलेला खडक

उदगीर, गुरुवार संध्याकाळ

चार दिवस वही उघडली नाही, चुकलंच. लाज वाटत होती.

माझा मुलगा शिवा पुण्याला नोकरीवर जाताना त्याची खाऱ्या पाण्यातल्या माशांची पेटी माझ्यावर सोपवून गेला. "आप्पा, आतला खडक जिवंत असतोय, त्यातले बारीक जीव पाणी साफ ठेवतात, गोड्या पाण्यानं ते मरतात. पेटीतल्याच पाण्यात नुसता हलवून काढा." माझं मन मानेना. बोअरचं खारं पाणी आम्ही जनावरांनाही पाजत नाही, मग ह्या मुक्या जिवांना का? माझ्या अंघोळीच्या वाट्याचं टँकरचं गोडं पाणी, दोन घागरी, घेतलं. खडक काथ्यानं घासून पांढरा केला, वाळू तांदळासारखी धुतली. सकाळी सगळे मासे मेलेले.

शिवा फोनवर सूनबाईवर ओरडला, "तुला एवढं बी जमंना का?" ती म्हणाली, "म्या हातसुद्धा लावला न्हाई हो." मी शेजारीच बसलो होतो. का गप्प बसलो? तो पांढरा खडक समोर दिसत होता, तरी गप्प.

आज तिला सांगितलं. म्हणाली, "ठावं हाय आप्पा. घागरी रिकाम्या दिसल्या होत्या."

म्हणजे चार दिवस माझ्यापायी बोलणी खाल्ली तिनं.

आत्ताच मोबाईलवर लिहून पाठवलं: शिवा, खडक मी धुतला. मला नंतर बोल. आधी सूनबाईला फोन कर, लवकर कर.