उकिरड्याजवळची माती

प्रिय सुमन,

तू गेल्याला हा दुसरा हिवाळा. एरवी तुझ्याशी मनातच बोलतो. आज कागद घेतला, कारण धरमपालला फोन करायला हवा आणि हात पुढे होत नाही.

अर्ध्या तासापूर्वी त्याचाच फोन आला होता, शेतावरून. "अंकलजी, गेहूं की बुवाई शुरू. दो एकड़ हो गए, तीन बाकी. आपने कहा था, सो इस बार डीएपी बंद." मग हसत म्हणाला, "बापू कह रहे हैं, अंकलजी ने मिट्टी भी कहाँ से उठाई! वहाँ तो बरसों हमारा गोबर का ढेर था."

मी "अच्छा, अच्छा" म्हणून फोन ठेवून दिला. ठेवून दिला गं.

सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून आपण रविवारी फरीदाबादपलीकडे, यमुनेकाठी जायचो, आठवतं? तू माती तपासणारी, मी फायली तपासणारा बाबू. तू शेतात नागमोडी चालत पंधरा ठिकाणची माती घ्यायचीस. बांध सोडून, झाड सोडून, उकिरडा सोडून. मी मागून शाळेतल्या कविता गुणगुणत पिशवी धरायचो. तू म्हणायचीस, "अहो, कवितेतली माती कुठूनही उचलली तरी चालते. ही नाही चालत."

दिवाळीआधी एकटाच गेलो होतो. गुडघा ठणकत होता. धरमपालचे वडील शिसवाखाली खाटेवर बसले होते, त्यांना चौथीतली कविता अर्थासकट ऐकवली. छान ऊन होतं. पंधराच्या पंधरा मुठी तिथल्याच, खाटेभोवतीच्या. रिपोर्ट आला, 'स्फुरद भरपूर'. येणारच, जुन्या उकिरड्याची माती ती! मग स्फुरदाचं खत कशाला, म्हणून मी तुझ्याच थाटात सांगितलं, "इस साल डीएपी मत डालना."

एक विचारू? इतक्या वर्षांत खुरपं एकदा तरी माझ्या हातात का नाही दिलंस? "राहू द्या, तुम्ही पिशवी धरा." मी पिशवीच धरत राहिलो.

आणि हे युरियासारखं नाही, हेही तूच शिकवलंस. युरिया पहिल्या पाण्यानंतरही देता येतो. स्फुरदाला मात्र ही चिकण माती आवळून धरते. वरून फेकलं तर वरच अडकतं, मुळांना मिळत नाही. पेरतानाच, बियाण्याच्या दोन बोटं खाली पडायला हवं. एवढं पटवायला त्या गावात तुझी किती वर्षं गेली, सगळे मुठीने फेकणारे! आता गहू खुरटला तर म्हणतील, मॅडमची पद्धतच खोटी.

गप्प राहिलो तर कुणाला कळणार? थंडी कमी पडली म्हणता येईल. हा विचार मनात येऊन गेला, तुझ्यापासून कशाला लपवू? आणि मी इथे अक्षर वळणदार काढत बसलोय, तिकडे ट्रॅक्टर चालूच आहे. थांब.

केला फोन. म्हणालो, "धरमपाल, मशीन रोको. गलती मेरी है." सगळं सांगितलं. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता, मग तो बंद झाला. "और ये जो दो एकड़ बो दिए, अंकलजी?"

तू असतीस तर काय म्हणाली असतीस?

"मॅडम होतीं तो कान पकड़तीं आपके," तो म्हणाला. नंतर कुणाला तरी ओरडून डीएपीची पोती आणायला सांगितलं. उरलेले तीन एकर तुझ्या पद्धतीने पेरले जातील. ते दोन मात्र तसेच, रस्त्याला लागून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे.

सुमन, कापणीपर्यंत दर पंधरवड्याला मी त्या बांधावर जाऊन उभा राहीन. जो विचारेल, हा तुकडा असा का, त्याला माझं नाव सांगेन. तुझं नाही.

तुझा,
मधुकर